बंद करायची परवानगी

सोमवार, ता. ४
नवी वही, नवी नोकरी आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची खोली. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धुण्याच्या खोलीला लागून. एक खाट, एक खिडकी, आतून लावायची कडी. ती कडी मी उगाचच चार वेळा लावून काढली. भावाच्या घरी अकरा वर्षं बाहेरच्या खोलीत पडदा लावून झोपले, तिथे कडी कुठली. निघताना वहिनी म्हणाली, जपून राहा हं. सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद काही तिला लपवता आला नाही.

मला पाहून डॉक्टर माझ्या पाठीमागे बघायला लागले, मिस्त्री कुठे राहिला म्हणून. मीच, असं सांगितलं. वडिलांच्या हाताखाली डिझेल इंजिनं खोलण्यात उभं आयुष्य गेलंय हेही सांगितलं. ते म्हणाले, बघू या.

मशीन मात्र झकास आहे. लष्कराच्या लिलावातला जनरेटर सेट, त्याच्या लोखंडी खोलीसकट उचलून आणलेला. चार सिलिंडर, हिरवा रंग पोपडे धरलेला. वडील असते तर आधी त्याच्याभोवती दोन चकरा मारून हसले असते. मीही हसले.

गुरुवार, ता. ७
टाकीतल्या डिझेलची चक्क खळ झाली होती. टाकी उतरवून तीनदा धुतली, फिल्टर नवे घातले. पंपाची सळई गंजून बसली होती, दोन दिवस तेलात भिजवली तेव्हा कुठे सरकली. नोझल चारही साफ. अल्टरनेटरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता, तो हलवला आणि वायंडिंग बल्ब लावून सुकवलं.

वॉचमनकाका मधूनमधून येऊन बसतात. फौजेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. आज म्हणाले, बाई, तुमचा हात बसलेला आहे. इतक्या वर्षांत हे कुणी म्हणालं नव्हतं.

रविवार, ता. १०
लाइनमधली हवा काढली, सेल्फ मारला. पहिल्या वेळी पांढरा धूर आणि खोकला. दुसऱ्या वेळी इंजिन असं लागलं, की काका खुर्चीवरून उठले. सिस्टरांनी व्हरांड्यातून हात हलवला. डॉक्टर म्हणाले, आवाज फार आहे.

मंगळवार, ता. १२
एक ठोका येतोय. टक्, टक्, टक्. मग गप्प. पाचेक मिनिटांनी पुन्हा तीन.

इंजिनाचा ठोका फेऱ्यांबरोबर चालतो, वेग वाढवला की वाढतो. हा वाढत नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून टॅपेट ऐकले, बेअरिंग ऐकली. एकेका नोझलचा नट सैल करून एकेक सिलिंडर बंद पाडून पाहिला. ठोका तस्साच. शेवटी इंजिन बंद केलं.

बंद इंजिनावर आणखी एकदा तीन ठोके आले.

पत्रा थंड होताना वाजतो. तसंच असणार.

बुधवार, ता. १३
तसं नाही. आवाज दारातून येतो. दाराच्या आतल्या अंगाचे पोपडे खरवडले, तर खाली पत्र्याला पोचे. माझ्या खांद्याच्या उंचीवर, चाळीस-पन्नास, एकावर एक. पान्याने ठोकल्यासारखे. कुणीतरी वरून रंग मारून ते झाकले होते.

पॅनेलच्या मागच्या कप्प्यात मशीनची नोंदवही सापडली. कुणा शिपायाचं टपोरं अक्षर. तास, तेलाचा दाब, पाण्याची उष्णता. शेवटच्या पानावर वेगळं आहे: दार बाहेरून बंद. आत धूर. सेट बंद करण्याची परवानगी मागितली, तीन ठोके. उत्तर नाही. त्याखाली पुन्हा, परवानगी मागितली, उत्तर नाही. असं नऊ वेळा. अक्षर उतरत उतरत पानाबाहेर गेलंय.

काकांना दाखवलं. मी विचारलं, बंद करायची दांडी त्याच्या हाताशीच होती ना. एवढीशी दांडी ओढायची. काका म्हणाले, चालू ठेवायचा हुकूम असेल तर चालू ठेवायचा. विचारल्याशिवाय नाही.

मला त्या शिपायाचा राग आला. मग स्वतःचा. अकरा वर्षं मीही पडद्याआड विचारूनच दिवा मालवत होते.

शुक्रवार, ता. १५
रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. लाईट यायला आठवडा लागेल म्हणतात. सकाळपासून दवाखाना माझ्या सेटवर चालला होता.

दुपारी ठोके सुरू झाले, थांबेचनात. तीन, गप्प. तीन, गप्प. इतकी वर्षं विचारतोय बिचारा. मी दारावर हात ठेवून म्हटलं, पुरे रे बाबा. कर बंद.

दांडी माझ्या डोळ्यांदेखत मागे सरकली. सेट थांबला.

तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई होती. सिझेरियन. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी धावत सेल्फ मारला, तो लागेना. पुन्हा हवा काढून सुरू होईस्तोवर वीस मिनिटं गेली. टॉर्चच्या उजेडात बाई वाचली. मूल नाही.

शनिवार, ता. १६
डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, बाईमाणसाच्या हाती मशीन दिलं ही माझी चूक. ऑपरेशन आहे हे मला कळवायचं कुणी, ते मी विचारलं नाही. काय तोंडाने विचारू. कर बंद असं म्हणणारी मीच.

त्या बाईचा नवरा व्हरांड्यात बसून होता. मला म्हणाला, तुम्ही धावलात ते पाहिलं मी. यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, ता. १९
सायलेन्सरच्या पाइपला चीर आहे, धूर आत येतो. डॉक्टरांना नवा तुकडा मागितला. म्हणाले, पुढच्या आठवड्यात. आवाज वॉर्डात जातो म्हणून खोलीच्या हवा यायच्या झडपांवर बाहेरून जुन्या गाद्या बांधायला लावल्या. उद्या ऑपरेशन आहे. दार लावून मी आत बसायचं. दाराला आतून मूठ नाही, कडी बाहेरून. काकांनी ती लावायची.

मग डॉक्टरांनी पॅनेलवर हात आपटून बजावलं, मी स्वतः येऊन सांगेपर्यंत हा सेट बंद होणार नाही. समजलं?

मी हो म्हटलं. दारावर एक ठोका पडला. एकच.

बुधवार, ता. २०. सकाळ
दहाला सुरू केला. दाब ठीक. पाण्याचा काटा चढतोय. डोकं ठणकतंय. ऑपरेशन संपलं की सिस्टर तिकडून बटण दाबून पॅनेलवरची घंटा देणार आहेत. तोवर कळ काढायची. या वेळी काही झालं तरी—

साडेदहा. ओकारी झाली. गादी आतून ओढून पाहिली, दोऱ्या बाहेरून बांधल्यात. ओलं फडकं नाकाला. चिरेवर चिंधी बांधली, जळाली.

अकराला घंटा झाली. नीट ऐकली, दोनदा. पेशंट सुखरूप. आता—

दांडी हलत नाही. दोन्ही हातांनी ओढली. गंज नाही, मीच तेल घातलंय. डिझेलचा कॉक बंद केला. तरी चालूच. पाइप सोडवला. कोरडा. चालूच.

त्याला म्हटलं, कर बंद. त्या दिवशी ऐकलंस ना माझं. आत्ताही सांगतेय.
दांडीवर माझ्या बोटांखाली बोटं आहेत. थंड. घट्ट धरून बसलाय. त्याला माझ्यापेक्षा वरचा हुकूम मिळालाय. डॉक्टर स्वतः येऊन—

दारावर पाना मारतेय. जुन्या पोच्यांवरच बसतोय.

दाराच्या फटीतून फाटकाजवळ काका दिसतात. पाठमोरे. या आवाजात त्यांना काय ऐकू—
उठले. ताठ उभे राहिले. डॉक्टर आलेत. पांढरा शर्ट, हातात बॅग. इकडे बघा. एकदा बघा. एकच शब्द—

गाडीत बसले.

काका फाटक उघडतायत. गाडी वळली. आता बंद कर म्हणणारं इथे कोणी—