घरात माणसं किती

६ मे, सोमवार

पोको सुतार मोजपट्टी घेऊन आला. नळ वर घ्यायचे, संडासात धरायला दांडे, पायऱ्यांच्या जागी उतार. या शाळेतलं सगळं मी पाच वर्षांच्या मुलांच्या मापाचं करून घेतलं होतं — आता सत्तरीच्या गुडघ्यांच्या मापाचं करायचं!

"बाई, नावं लिहिलेल्या खुंट्या काढू का?" पोकोनं विचारलं, तेही स्वतःच्याच खुंटीवर हात ठेवून. राहू देत म्हटलं. त्याच्या वर्गात एक्केचाळीस मुलं होती. शेवटच्या वर्षी चार. एकेक घर विमानात बसून ऑकलंडला गेलं आणि शाळेला कुलूप लागलं. आता बेटावर म्हातारेच जास्त, म्हणून इथे त्यांचं दिवसाचं केंद्र — जेवण, नर्स, सोबत. किल्ली पुन्हा माझ्या हातात. बरं वाटलं.

९ मे

केंद्रात कोण येणार त्याचे फॉर्म घेऊन घरोघर हिंडतेय. आज नगामेतुआ मावशीकडे. चौऱ्याऐंशी वर्षांची, कपाळावर खोक. परवा सकाळी नळापाशी पडली, ती दुपारपर्यंत तशीच. कुणाला पत्ताच नाही.

"मावशी, एकटी राहतेस?"

"एकटी कशी? हे आहेत की." अंगणातल्या थडग्याकडे बोट. मग ऑकलंडचे सहा मुलगे बोटांवर मोजले. "मी धरून आठ लिही."

लिहिलं. सहाही माझ्या हाताखालून गेलेले. मोठ्या सुट्टीत ही कुंपणाशी उभी असायची, कोंब फुटलेल्या नारळातले मऊ गोळे घेऊन. तिच्या मुलांच्या आधी बाकीचीच पोरं फस्त करायची. मीही खायचे. किती गोड लागायचे ते!

१७ मे, शुक्रवार

राराटोंगाच्या, म्हणजे मोठ्या बेटावरच्या सरकारी ऑफिसातून फोन. आवाजावरून तरुण मुलगी.

"काकू, तुमच्या फॉर्मप्रमाणे बेटावर एकही म्हातारं माणूस एकटं राहत नाही. मग केंद्र कोणासाठी?"

बावीस फॉर्म. बावीसही ठिकाणी 'नाही'. मीच भरले आणि मला एकदाही खटकलं नाही!

पुढच्या शुक्रवारी ती स्वतः येणार. फॉर्म दुरुस्त करून द्या, नाहीतर खोलीत माणसं बसलेली दाखवा. दोन्ही नसेल तर शाळेचं गोदाम होणार. मावशी पुन्हा पडली तर कोण बघणार?

२० मे

पुन्हा दारोदार. 'एकटी' म्हणायला कुणी तयार नाही. "मुलांनी टाकलं असं लिहून देऊ?" — हेच सगळीकडे.

मावशीनं तर फैलावरच घेतलं. "नवऱ्याला मोजायचं नाही, ही कुठली रीत? हळू बोल, ऐकतोय तो."

"बरं, नुसती दिवसा येऊन तर बस."

"या वयात शाळेत? कशात नापास झाले मी?"

हसू आलं. घरी येईपर्यंत पार दमले.

२१ मे

खोली उघडून बसले. कुणी आलं नाही.

२२ मे

मी स्वतः एकोणसत्तर वर्षांची. माझा फॉर्म मी भरलाच नव्हता! सकाळी अंगणातलं नवऱ्याचं, तेअरिकीचं थडगं झाडलं आणि तिथेच बसून लिहायला घेतला. घरात माणसं किती? हात 'दोन' लिहायला निघाला.

शाळेचा फळा दर वर्षी तोच रंगवायचा. महिनाभर नखांत काळं. तशाच हातांनी जेवायला... नको. नऊ वर्षं झाली. 'एक' लिहिलं. एकट्या राहता का? — हो.

त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. माफ कर म्हटलं. खूप रडले. इतकी वर्षं हा शब्द मी कधी स्वतःशीही काढला नव्हता.

फॉर्म पोकोकडे दिला, विमानतळावर पोचवायला. त्यानं उभ्या उभ्या वाचला. घडी घालून खिशात ठेवला आणि मावशीच्या घरावरून जाणारी वाट धरली.

२४ मे, शुक्रवार

विमान दहाला. साडेसातला कुलूप काढायला गेले, तर नव्या उतारावर अकरा जण. उशा, चटया, उकडलेल्या तारोच्या कंदांचं पातेलं. सगळ्यांत पुढे नगामेतुआ मावशी, घरून आणलेल्या, मुलाच्या लहानपणच्या खुर्चीवर ठाण मांडून.

"एकटी असतेस, हे आधी नाही का सांगायचं गं?" ती म्हणाली. "उघड दार. आम्ही बसतो तुझ्या सोबतीला."