यंदा बगळे लई आलेत

नांदेड, रामनवमी

ती. अव्वा,

तुझ्या आणि आप्पांच्या पायाशी रुद्राणीचं शरणार्थ. आम्ही दोघं मजेत आहोत. नळ दिवसाआड येतो, तेवढ्यात भागतं.

रविवारी ह्यांच्या बँकेतले मोठे साहेब सगळ्यांना पक्षी बघायला घेऊन गेले. गोदावरीच्या काठानं चालत पुढच्या तळ्यापर्यंत. साहेबांच्या डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. पक्षी भितात म्हणून आम्हा बायकांना बांगड्या धरून चालायला लावलं, आणि स्वतः असे खाकरले की नदीवरला एकुलता एक खंड्या पळाला.

तळ्यावर बगळे आणि करकोचे जत्रेसारखे दाटले होते. साहेब हरखले, "यंदा किती आलेत बघा!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मग काठावर बसून पोहे खाल्ले आणि प्यायच्या पाण्यानं खळाखळा हात धुतले.

तळं आटलं, मासे उघडे पडले, म्हणून बगळे जमलेत. एवढी अक्कल एकालाही न्हाई! मी बोलायला लागले, तर हे कानाशी म्हणाले, "साहेबांसमोर गप बस." बसले.

पण तेव्हापासून मला आपलंच तळं दिसून राहिलंय. गेल्या साली लातूर जिल्हा वेगळा झाला म्हणून आपल्या निलंग्यात पेढे वाटले, आता टँकर तरी येतो का? आप्पांचा गुडघा कसा हाय?

आपल्या तळ्यावर बगळे आले का, तेवढं लिही. आले असतील तर म्हैस काकाकडं सोड आणि आप्पांना घेऊन सरळ इकडं ये. ह्यांना मी गप बसवते.

तुझी,
रुद्राणी