पेन्शनर कोणाचं ऐकतो

३ फेब्रुवारी

आज कोचबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही वर बसून काही करताय असं वाटतच नाही."

शाळेत कोणी असं म्हटलं असतं तर तिथल्या तिथे मेमो हातात दिला असता. पण ड्रेसाजमध्ये याहून मोठी शाबासकी नाही. वाळूच्या चौकोनात घोड्यानं वळायचं, गोल फिरायचं, दुडकी धरायची, थांबायचं – आणि वरच्या माणसानं त्याला काही सांगितलं हे कोणाला दिसता कामा नये. पोटरीचा जरासा दाब, करंगळीएवढी लगाम, बस्स.

जन्म गेला मुख्याध्यापिका म्हणून ओरडण्यात. अडुसष्टाव्या वर्षी न बोलता हुकूम चालवायला शिकले. घोडाही निवृत्तच, गुडघे माझ्यासारखेच. ह्यांनी त्याचं नाव 'पेन्शनर' ठेवलंय. मूळ नाव फार भारदस्त होतं. तबेल्यात आता ते कोणी वापरत नाही.

७ फेब्रुवारी

साठीपुढच्या स्वारांची स्पर्धा मार्चअखेर आहे. नाव दिलं. पेन्शनरची ही शेवटची, त्यानंतर त्याला चरायला मोकळा सोडायचा असं ठरलंय. मला ही एकदा तरी नीट पार पाडायची आहे. गेल्या वर्षी आम्ही शेवटून दुसरे होतो, आणि शेवटच्याचा घोडा लंगडत होता.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, पडलीस तर मी येणार नाहीये हं." येईल. बापावर गेलीय, आधी नाही म्हणते.

९ फेब्रुवारी

चौकोनाभोवती अक्षरांच्या पाट्या असतात – ए, के, ई, एच, सी. हा क्रम कोणी लावला देव जाणे, मी पहिलीतल्या पोरालाही लावू दिला नसता. कुठल्या अक्षरापाशी काय करायचं ते ठरलेलं असतं, आणि ते माझ्या डोक्यात राहत नाही. म्हणून बाहेर उभं राहून एकानं वाचून दाखवायची परवानगी आहे. आमचे वाचक म्हणजे हे.

ह्यांना घोड्याची इतकी भीती की कुंपणाच्या आत पाऊल टाकत नाहीत. पण आयुष्यभर लोकांना मोटार शिकवली. त्याच आवाजात वाचतात. "सीपाशी डावीकडे. घाई नाही. हं, आता." यातलं 'घाई नाही' कागदावर कुठेच नाही! स्वतःचं घालू नका म्हणून किती वेळा सांगितलं. गाडीतही तेच. ज्या रस्त्यानं रोज जाते तिथेही, "पुढे डावीकडे." मी या कानानं ऐकते आणि त्या कानानं सोडून देते.

१५ फेब्रुवारी

सरावाच्या वेळी पलीकडे ट्रॅक्टरनं बार काढला. दोन घोडे उधळले, एकानं कोचबाईंना कुंपणावर चढवलं. पेन्शनरनं कानसुद्धा हलवला नाही. माझ्या स्थिर बैठकीचा परिणाम. कोचबाईंनाही तसंच वाटलं, म्हणजे मी सुचवल्यावर वाटलं.

२० फेब्रुवारी

ह्यांचा घसा बसलाय. महिना झाला, मी काढा-गुळण्यांवर भागवत होते. आज आवाज फुटेचना, म्हणून कोचबाईंनी वाचलं. सत्यानाश. पेन्शनर बीपाशी वळायचा तो एफपाशी वळला, थांबायचं तिथे चालत राहिला. कोचबाई झाली तरी पोरच, आवाजात ठामपणा नाही. ती वाचत होती आणि मी मनात तिचं व्याकरण सुधारत होते.

२४ फेब्रुवारी

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ. काढायची, तपासायला पाठवायची. त्यानंतर ते सांगतील तोवर एक शब्द बोलायचा नाही.

"आवाज येईल ना पूर्वीसारखा?" मी विचारलं.

"बघू," म्हणाले.

मी पालकांना आयुष्यभर 'बघू' म्हणत आले. मला माहीत आहे त्याचा अर्थ.

२६ फेब्रुवारी

मन रमेना म्हणून तबेल्यात गेले. घरी पाठ करायला ह्यांचं वाचन मोबाइलवर भरून ठेवलं होतं, ते कुंपणावर मोठ्यानं लावून दिलं. "सीपाशी डावीकडे. घाई नाही. हं, आता." मध्ये खोकला. पेन्शनर लोण्यासारखा फिरला! एकही वळण चुकलं नाही.

तर असं आहे एकूण. माझी अदृश्य बैठक, पोटरीचा दाब, सगळं थोतांड. घोडा ह्यांचं ऐकतो. वर मी नुसतं सामान.

घरी येऊन सांगितलं. हे फाटक्या आवाजात म्हणाले, "चला. घरात कोणीतरी ऐकतं म्हणायचं."

हसले नाही. राग आला होता, आणि हा आवाज परवा काढून घेणार असंही वाटत होतं. स्पर्धेत मोबाइल चालत नाही.

५ मार्च

काढलेली गाठ तपासणीत साधी निघाली. दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. तोंड धुऊन बाहेर आले आणि ह्यांना उशी वाकडी घेतली म्हणून रागावले. ऑपरेशनपासून मौन सुरू आहे. नातवाची जुनी पाटी आणून दिलीय. ह्यांनी पहिला शब्द लिहिला – 'चहा'.

११ मार्च

ह्यांना तपासणीला नेताना वळण चुकले. रोजचा रस्ता. सरळ पुढे गेले ती पार पुलापर्यंत. हे शेजारी पाटी मांडीवर घेऊन गप्प बसलेले. लक्ष नव्हतं माझं.

१६ मार्च

वाचकाशिवाय सराव. ईपाशी गोल घ्यायचा की एचपाशी, घोड्यालाही माहीत नाही आणि मलाही. त्याला चार शब्द सुनावले. "तुला काय नवरा हवा वाचायला?" मोतद्दार खरारा करता करता तोंड फिरवून हसत होता.

घरात फार शांत आहे. चाळीस वर्षं म्हणत होते, जरा गप्प बसा. आता बसलेत तर मीच भिंतीशी बोलते. डॉक्टर अजून 'बघू'च म्हणतात.

२९ मार्च

झाली स्पर्धा.

सकाळी ह्यांना बजावलं, "बीपाशी उभे राहा, पेन्शनरला दिसाल असे. आवाज काढायचा नाही, फक्त तोंड हलवा." इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात कागद. घंटा झाली, आत शिरले, आणि पहिल्या वळणालाच डोकं कोरं पडलं. बीकडे पाहिलं. ह्यांचे ओठ हलत होते. शब्द कळण्याइतके जवळ नव्हतेच आम्ही. पण 'घाई नाही' कळलं. मग पुढचं सगळं आपोआप आलं. शेवटी मध्यावर येऊन पेन्शनर चारी पाय जुळवून असा थांबला की मलाच त्याला सलाम करावासा वाटला.

तिसरा नंबर! परीक्षकांनी शेरा लिहिला, 'घोडा आणि स्वार एकमेकांचं ऐकतात.' ह्यांनी तो वाचला आणि पाटीवर लिहिलं – 'माझं नाव राहिलं.' बरोबरच आहे. पेन्शनरनं लांबून ह्यांचे ओठ वाचले. रात्री सगळ्यांना फोन करून तेच सांगितलं.

२ एप्रिल

मोकळा सोडण्याआधी पेन्शनरला तपासायला घोड्यांचे डॉक्टर आले. मोतद्दाराच्या हातून लोखंडी बादली फरशीवर पडली. मी दचकले, डॉक्टर दचकले, पेन्शनर गवत खात राहिला. डॉक्टरांनी त्याच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, शिट्टी फुंकली, बादली पुन्हा आपटली.

"ठार बहिरा आहे हो हा," म्हणाले. "आजचं नाही हे. दोन-तीन वर्षं तरी झाली असणार."

ह्यांनी लांब कुंपणाबाहेरून पाटीवर विचारलं, 'काय म्हणाले?' मी सांगितलं, म्हातारा झालाय म्हणाले.

पेन्शनर माझंच ऐकत होता. ह्यांचं मी ऐकत होते.

सोमवारी घशाचे डॉक्टर ह्यांचा आवाज बघणार आहेत. यायला हवा. मला वळणं पाठ नाहीत.