यंदाचं सोयाबीन आम्ही दोघांनी केलं

प्रिय विजयमाला,

तुझ्या आईचं दुखणं उताराला लागलं हे ऐकून बरं वाटलं. माहेरी आहेस तर चार दिवस निवांत राहा. फोनवर तू सोयाबीनचं विचारतेस आणि मी "हाय बरं" म्हणून गप होतो. फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहितोय.

पेरणीला तू माहेराहून, वडवणीहून निघाली होतीस, मीच नको म्हणालो. तुझ्या सासूबाईंना धाकधूक होती. तरी त्यांनी बियाणं ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघितली. सकाळी उठल्या की आधी गोणपाट उलगडायच्या. निम्म्या रानात लवकर येणारं वाण, निम्म्यात उशिराचं. उंच गादीवाफे तू करायचीस तसेच, मधून पाणी जायला सऱ्या. शेजारचा बंकट बांधावरून हसत ओरडला, "आबा, सोयाबीनला गाद्या कावून अंथरताय?" सासूबाई म्हणाल्या, "लई लाडाचं हाय आमचं!"

पहिल्या वर्षी तू वाफे आखलेस तेव्हा अभिमन्यूही असाच हसला होता आणि मग स्वतःच दोरी धरून उभा राहिला होता. धारूरच्या बाजारातून येताना त्याची मोटारसायकल घसरली आणि तो गेला, त्याला आता तीन पावसाळे झाले. त्या साली लेकाच्या दुःखानं मी अंथरूण धरलं होतं. रान पेरलंस ते तू.

यंदा ऑगस्टात पाऊस गायब झाला. रानं भेगाळली, पण वाफ्यांत ओल टिकली, फुलं गळली नाहीत. मग सप्टेंबरात असा कोसळला की उतारावरचे बांध फुटले. बंकटच्या रानात गुडघाभर पाणी साचलं, आपलं सऱ्यांतून निघून गेलं. लवकरचं वाण मात्र काढणीला आलेलं. ते उभ्यानं भिजलं, शेंगांतच कोंब फुटले. सासूबाई चिखलात बसून रडल्या. तुला बोलवावं म्हणून मी फोन हातात घेतला आणि परत खिशात टाकला. उशिराचं तोवर हिरवं होतं, ते तगलं. घरी दळणात घालायला, विकायला आणि पुढच्या पेरणीला पुरेल एवढं निघालंय. परवा बंकट बियाणं मागायला आला, तर सासूबाईंनी त्याला वाफे कसे पाडायचे तेच शिकवत बसवलं. बिचारा चहा गार होईपर्यंत ऐकत होता.

आता खरं सांगतो. तुझे वडील अर्जुनराव उन्हाळ्यातच माझ्याशी बोलले होते. कडा गावच्या अमरसिंहचं स्थळ आलंय, त्याचीही बायको गेलेली, माणूस तुला पसंत आहे. तरी तू नाही म्हणालीस. "पाऊस असा लहरी झालाय, आबांचं रान कोण बघंल?" हे तुझं कारण. म्हणून तर तुला पेरणीला येऊ दिलं नाही. आमचं आम्हाला जमतंय का, ते बघायचं होतं. जमतंय, पोरी. चुकतमाकत, पण जमतंय. आमच्यासाठी थांबू नकोस. अमरसिंहला होकार कळव. सून म्हणून आलीस, आता लेक म्हणून जा. कन्यादानाला आम्ही दोघं बसणार, हे मी अर्जुनरावांकडून कबूल करून घेतलंय. सासूबाई तुझ्यासाठी शालू बघायला निघाल्यात, पण हिरवा घ्यावा की जांभळा, यावर दोन दिवस अडून बसल्यात. तू ये आणि तेवढं ठरव.

तुझाच,
आबा