लाँचच्या पोटातला वास

ती. नस्सोझीताईस,

धाकट्या कवेसाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, तुझी केळीची बाग आणि तुझा राग, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. (राग चढलेला असेल तर पत्र जेवणानंतर वाच.)

शनिवारी तुझ्या भाच्यासाठी, माझ्या लुब्वामासाठी, भेटीचा बोकड घेऊन पलीकडच्या बेटावर मागणी घालायला निघालो. जुनी लाँच घेतलीय मी. पेट्रोलचं इंजिन तिच्या पोटात, वर लाकडी झाकण. मुलीकडचे कसे कडक असतात तुला ठाऊकच आहे, दुपार टळली की फाटक बंद! आणि त्यात आपले मुटेबीकाका. त्यांनी आशीर्वाद म्हणून इंजिनावर केळ्याच्या दारूची अख्खी बाटली उपडी केली. भावजींनी शिकवल्याप्रमाणे मी किल्लीआधी झाकण उघडून आत नाक घातलं, तर पेट्रोल कुठलं नि दारू कुठली, काही कळेना! काका म्हणाले, "भित्र्या, आशीर्वादाचा वास आहे तो. लाव किल्ली!" लुब्वामा बिचारा रडकुंडीला आला. पण मी सगळ्यांना खाली उतरवलं, बोकडासकट. तळ पुसून काढला आणि झाकण उघडं टाकून वारा खेळू दिला. दारूचा वास उडाला, उरला तो निव्वळ पेट्रोलचा. नळीचा सांधा पाझरत होता, ताई! (काकांनी तेव्हापासून कशालाच आशीर्वाद दिलेला नाही, हा एक फायदा.)

सांधा आवळला, पुन्हा पुसलं, वास पुरता गेल्यावरच इंजिन सुरू केलं. पोचलो तर फाटक बंद. पुसताना आमच्या कपड्यांना दारूचा वास लागलेला, मुलीच्या आत्यानं फटीतूनच नाक मुरडलं, "पिऊन मागणी घालायला येता होय रे?" बोकड तेवढा वरमला नाही.

तुझा,
कवेसा

ता.क. येत्या शनिवारी पुन्हा बोलावलंय, पण मुलाची आत्या सोबत असेल तरच. भावजींची बोट पेटली त्यानंतर तू पाण्यावर पाऊल ठेवलं नाहीस, हे मी विसरलेलो नाही. मागताना जीभ जड होतेय. पण पोरगं जेवत नाही गं.

ता.क. दुसरा. लाँचची एकुलती एक किल्ली पाकिटात घातली आहे. झाकण उघडं ठेवून आम्ही घाटावर थांबतो. आधी तू वास घे. तुझं नाक नको म्हणालं, तर बोकड आपणच खाऊ.