घर नावाची किल्ली

कोल्हापूर,
२३ जानेवारी

प्रिय शबनूर,

सलाम, बाईसाहेब. तू, फराजभाऊ आणि तुमची चिमुरडी मजेत असाल असं धरून चालते. मी बरी आहे. यंदा थंडी चांगली पडली आहे. आई आजऱ्याला दादाकडेच असते. तिथे काजू भाजल्याच्या वासाने डोकं उठतं म्हणते, पण राजारामपुरीत माझ्याकडे चल म्हटलं की तिचे गुडघे दुखायला लागतात.

पत्र बघून हसशील. पण ऑफिसच्या मेलवर विजयसिंह सरांचं लक्ष असतं, आणि फोनवर मी धड बोलणार नाही हे मला माहीत आहे. तुझ्या अब्बांनी ओळखीच्या कुणाबरोबर मस्कतला कांदा-लसूण चटणी पाठवायची ठरवली आहे. डबा माझ्याकडेच दिलाय, त्याच्याखाली हा कागद सरकवते. तेल लागलं तर दोष त्यांना दे.

आधी कामाचं. एक तारखेपासून तू तिथूनच काम सुरू करणार, म्हणून तू नव्या लॅपटॉपची किल्ली, ती अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ, मेलने पाठवलीस. मी ती आत घातली की तुला आपला सगळा कोड उघडणार, आणि ती घालायचा अधिकार फक्त माझ्याकडे. चार ओळींचं काम. ते न करता मी तुला मेल केला : ‘किल्लीचे नाव नियमात बसत नाही. कृपया बदलून पाठवावे.’ त्यावर तुझं उत्तर आलं : ‘तेजू, मी राहते ते माझं घर आहे. नियम मला शिकवू नकोस, तो मी केलाय.’

खरं आहे, तूच केलास. मलकापूरच्या एसटीत आदर्शचा लॅपटॉप चोरीला गेला होता, आठवतंय? त्याच्या तीन किल्ल्यांतली चोराच्या हाती गेलेली कुठली, ते आपल्याला कळेना. शेवटी आपण आख्खा आदर्शच बंद करून टाकला आणि तो बिचारा आठवडाभर पाहुण्यासारखा चहा पीत बसला. तेव्हा तू फळ्यावर लिहिलंस : आधी माणसाचं नाव, मग त्याची मशीन जिथे असते त्या जागेचं. माणूस एक, जागा कितीही. जागेचं नाव ज्याचं त्याने ठेवायचं. मी म्हटलं, लोक वाट्टेल ते ठेवतील. तू म्हणालीस, ‘ठेवू देत की! कुणी कशाला घर म्हणायचं, ते आपण कोण ठरवणार?’

फळा अजून तसाच आहे. मीच पुसू देत नाही.

तर तुझी नवी किल्ली आली ‘शबनूर@घर’ नावाने. पण त्या नावाची एक किल्ली आत आधीपासून आहे, शबनूर. कुरुंदवाडची. आणि त्याच नावाची दुसरी घातली की पहिली एका शब्दाने न विचारता जाते. तू विसरलीस. विसरण्यासारखंच आहे, पोर सांभाळून कुणाच्या लक्षात राहतंय? लग्नाआधी तू कुरुंदवाडच्या खोलीतल्या संगणकावर सोय करून ठेवली होतीस, की रोज सकाळी त्याने आपोआप यावं आणि कोडची एक प्रत उतरवून घ्यावी, ऑफिसला काही झालं तर एक प्रत बाहेर असावी म्हणून. तो अजून येतो. पुराचे दिवस सोडले तर एक दिवस चुकला नाही.

मी ऑफिस उघडते, दिवे लावते, आणि कोण येऊन गेलं ते बघते. पहिलं नाव तुझं असतं. बाकीची मंडळी आता घरूनच काम करतात, त्यांना उजाडायला दहा-अकरा वाजतात. वर्षाराणी कधी मंगळवारी चक्कर टाकते, नाहीतर चहावालासुद्धा न विचारता एकच कप ठेवून जातो. मी पडद्याकडे बघून ‘आलीस का’ म्हणते. मोठ्याने म्हणते. ऐकायला असतं कोण?

मशीन येते, तू नाही, हे मला कळतं. मला खुळी समजू नकोस.

सर म्हणाले, ती कुरुंदवाडची जुनी काढून टाक आणि विषय संपव. मी म्हटलं, एकदा बघून येते. आणि रविवारी खरंच गेले. तुझे अब्बा, आमचे बाबालालचाचा, दारातच कुणाचा तरी कोट उसवत बसले होते. चष्मा वर करून माझ्यामागे बघितलं आणि म्हणाले, “एकटीच आलीस व्हय?”

तुझ्या खोलीत संगणक टेबलावर आहे. त्याला चाचांनी खोळ शिवलीय, शेरवानीच्या उरलेल्या कापडाची, आणि हवा लागावी म्हणून मागून जाळी लावलीय. मी विचारलं, “चाचा, हे चालूच असतं?”

“मग! जाताना म्हणाल्ती, अब्बा, ह्येचं बटण बंद करायचं न्हाय. न्हाय केलं.”

“आणि लाईट गेली की?”

“इन्व्हर्टर घेतलाय की. त्येच्यावर ह्येवढंच चालतंय. मला काय, खिडकीतनं वारं येतंय.” मग म्हणाले, “पाणी चढलं तवा आधी ह्ये माळ्यावर न्हेलं, मग शिलाईचं मशीन. जुलेखा वरडायली, ‘भावजी, गाद्या भिजायल्यात!’ म्हटलं, भिजू देत.”

शेजारच्या जुलेखाचाचीने मान हलवून दुजोरा दिला. गाद्यांचा राग अजून गेलेला नाही.

निघताना त्यांनी तो हिरवा दिवा दाखवला आणि विचारलं, “ह्यो लुकलुकतोय तवर पोरीचं काम चालू हाय, व्हय न्हवं?”

मी “व्हय चाचा” म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

परत येताना एसटीत मला स्वतःचाच राग आला. नियमाचं मी कारण काढलं होतं. तू पुन्हा काम सुरू करणार असं सरांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं तू परत येणार. मी तुझी खुर्ची पुसली, खिडकीजवळचं टेबल रिकामं केलं. पेठेत भाड्याची जागासुद्धा बघितली, आपण दोघींनी स्वतःचं काही सुरू करायचं म्हणत होतो ना, त्यासाठी. आणि मग ती किल्ली आली. ‘मस्कत’ लिहिलं असतंस तर मी अजून वर्ष-दोन वर्षं वाट बघितली असती. तू ‘घर’ लिहिलंस. म्हणून घातली नाही. मला तुझी फार आठवण येते, शबनूर. इतकंच आहे ते, बाकी सगळं मेलमधलं मराठी.

सोमवारी सकाळी काम केलं. तुझी नवी किल्ली घातली, तू पाठवलेल्याच नावाने. एक तारखेला बिनधास्त काम सुरू कर. कुरुंदवाडची काढली नाही, फक्त तिचं नाव बदललं : ‘शबनूर@माहेर’. तुझ्या जागेचं नाव मी ठेवलं, नियम मोडला. पसंत नसेल तर सांग, बदलेन. सरांना सांगितलंय की प्रत बाहेर असलेली बरी. मंगळवारी ऑफिस उघडलं तर माहेर येऊन गेलं होतं, नेहमीच्या वेळेला.

अब्बांना फोन कर. पोरीचं सांगतेसच, या वेळी मशीनचंही विचार. आणि उकाडा सुरू झाला की पंखासुद्धा इन्व्हर्टरवर लावा म्हणून दम दे. माझं ऐकत नाहीत.

आता शेवटचं. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. एक तारखेपासून ऑफिस बंद होतंय. कंपनी चालू राहील, जागा तेवढी सोडतोय. सर म्हणतात, रिकाम्या खोल्यांना कशाला भाडं भरायचं? चुकीचं काही बोलत नाहीत. फळा मी मागून घेतलाय, रिक्षात मावला तर.

म्हणजे मलाही नवी किल्ली लागणार होती. इतकी वर्षं माझी एकच होती, ऑफिसची. काल फ्लॅटवर करायला बसले. नाव टाकलं, आणि मशीन कुठे असते त्या जागेपाशी थांबले. तुझ्यासारखं लिहायला गेले. लिहिलं, खोडलं. परत लिहिलं. मग जे खरं आहे ते लिहिलं. एक तारखेला सकाळी कोण कोण आलं ते बघशील, तेव्हा तुझ्या दोन नावांखाली मी दिसेन. बघून मोठ्याने ‘आलीस का’ म्हण.

तुझी,
तेजस्वी@राजारामपुरी