टबभर ताजं पाणी

२८ मार्च २०२०, शनिवार

फार उशिरा लिहायला बसलोय. सोलापुराहून निघताना डायरी सामानात टाकली होती. आज पहिलं पान उघडतोय. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. पण शाळा सातवीत सुटली, आणि भीतीही वाटायची — लिहिलं की ते खरं होऊन बसतं.

आज घर बदललं. मुलीने, चित्राने, गाडीने आणून सोडलं. ऑस्ट्रेलियातल्या तिच्या वॉलॉंगॉंग शहराच्या मागे डोंगर चढायचा, मग घाट उतरून या दरीत. कांगारू व्हॅली म्हणतात. चारी बाजूंना गाई आणि मध्ये हे घर. सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने देतात. सध्या सुट्टीला कोण येणार?

कारण असं — चित्रा हॉस्पिटलात नर्स. कोरोनाच्या वॉर्डसाठी नावं मागितली, तिने आपलं दिलं. फ्लॅट एवढासा, मला साखर, बायकोला, नीलाला, दमा. परत जावं तर विमानं बंद. चित्रा म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं लांब राहा, नाहीतर मी नाव मागे घेते." मी लगेच म्हणालो, लांब राहतो. कोणाची मुलगी स्वतःहून नाव देते?

आमच्यामुळे तिला काम सोडून यावं लागू नये. माझ्याकडे एवढंच काम आहे.

२९ मार्च

घर पाहून घेतलं. सहा पलंग, माणसं दोन. भिंतीवर माशांची चित्रं. कपाटभर काचेचे पेले, पण लाटणं नाही. नीलाने दारूची रिकामी बाटली उकळत्या पाण्याने धुतली आणि तिने चपात्या लाटल्या. म्हणाली, "हे सोलापुरात कोणाला सांगू नका."

न्हाणीघरात लांबलचक पांढरा टब आहे. घरातल्या घरात हौद, आणि वर नळ! चित्राने निघता निघता बजावलं होतं, "बाबा, इथे टाकीचं पाणी आहे, जपून वापरा." म्हणून काल रात्रीच टब काठोकाठ भरून ठेवला. आमच्याकडे चार-चार दिवसांनी नळ येतो. पाणी साठवायचं कसं, हे मला कोणी शिकवायला नको.

३१ मार्च

रात्रभर झोप नाही. छपरावर काहीतरी धावतं. नीला म्हणते, मांजर. मांजर एवढं जड?

२ एप्रिल

चित्रा किराणा घेऊन आली. फाटकाबाहेर पिशव्या ठेवून दहा पावलं मागे उभी राहिली. तोंडावर मास्कचे वळ. आम्ही पडवीत. नीलाला जवळ जायचं होतं, मी हात धरून ठेवला.

"जेवतेस ना?" नीलाने विचारलं.

"जेवते गं. कौमुदी डबा करते." कौमुदी तिच्याच वॉर्डातली, आता फ्लॅटवर तिच्यासोबत राहते. "बाबा, करमतं का?"

मी म्हणालो, "राजवाडा आहे. आमची काळजी करू नकोस."

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत उभा होतो. मी लूमवर दोरे जोडत आयुष्य काढलं. ही माणसांचे श्वास सांभाळते. मग सगळा किराणा वाहत्या पाण्याखाली धुतला, बटाटेसुद्धा साबणाने.

५ एप्रिल

दिनक्रम बसला. सकाळी टबातलं, बादल्यांतलं, पातेल्यांतलं शिळं पाणी ओतून द्यायचं, मग ताजं भरायचं. टब घासून घेतो. नीला पडवी धुते, अंगणात सडा घालते. गाई कुंपणापाशी येऊन बघत राहतात. घर कसं नांदतं वाटतं.

८ एप्रिल

पाणी गेलं.

सगळे नळ उघडून पाहिले. मागे मोटर नुसती घरघर करते. कोरडी चालते आहे, एवढं मला कळतं. बंद केली. वाटलं, सोडायची वेळ झाली की येईल. दुपार झाली, नाही. संध्याकाळ झाली, नाही. टब सकाळीच ओतला होता, भरायच्या आधीच नळ आटला.

फोन आला. "सगळं ठीक ना, बाबा?"

"एकदम ठीक."

नीलाने माझ्याकडे पाहिलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "खरं का नाही सांगितलंत?"

सांगितलं तर उद्या वॉर्ड सोडून गाडी घेऊन येईल. आम्हाला परत फ्लॅटवर नेईल, आणि मग ते काम तिला सोडावं लागेल. माझ्या एका चुकीपायी. पण चूक काय झाली तेच कळत नाही.

९ एप्रिल

सकाळी बादली घेऊन कुंपणापाशी उभा राहिलो. शेजारचे नोएल गाई बघायला येतात. माझ्याच वयाचे, पायात गुडघ्यापर्यंत बूट. मी बादली उलटी करून दाखवली. "नो वॉटर."

ते आत आले. पत्र्याच्या टाकीवर वरपासून खालपर्यंत बोटाने ठोकलं. पोकळ. मग छप्पर दाखवलं, पन्हळ दाखवली, टाकी दाखवली, शेवटी आकाश. म्हणाले, "रेन, मेट. ओन्ली रेन." आणि जानेवारीचा वणवा विझवताना टाकी आधीच अर्धी संपली होती, हे हातवारे करून सांगितलं.

म्हणजे इथे टाकी भरायला कोणी येत नाही. आपल्याकडे टाकी म्हणजे महापालिका भरणार. मी ढगातलं पाणी रोज सकाळी शिळं म्हणून ओतत होतो.

टब दाखवला. खुणेने सांगितलं, रोज भरत होतो, रोज ओतत होतो. नोएल भिंतीला टेकून हसले, डोळे पुसले. "एव्हरी डे?"

नीला म्हणाली, "जन्मभर मला नळाच्या रांगेत उभं केलंत, आणि इथे येऊन हौद आटवलात!"

दुपारी नोएलनी गाडीवर त्यांची टाकी लादून आणली आणि आमच्यात पाणी सोडलं. मी चित्राचा फोटो दाखवला. "डॉटर. नर्स. कोविड."

हसणं थांबलं. फोटो नीट पाहिला. "गुड ऑन हर," म्हणाले. शब्द नवे होते, पण अर्थ चेहऱ्यावरच होता.

१२ एप्रिल

आता भांडी धुतलेलं पाणी झाडांना. सडा बंद. अंघोळ अर्ध्या बादलीत. घर सांभाळता येतं मला. चित्राला कळलंही नाही, कळणारही नाही.

१५ एप्रिल

फोन नाही, मेसेज. "ड्यूटी जास्त आहे. सगळं ठीक." नीला कुरकुरत होती. मी म्हणालो, कामाची माणसं बोलत बसत नाहीत. रात्री दोनदा मोबाइल उघडून पाहिला.

१७ एप्रिल

रात्री पाऊस झाला. उठून टाकीला कान लावला. आत पडत होता. नोएलनी सकाळी कुंपणावरून अंगठा दाखवला. चित्राला हे सांगावंसं वाटलं, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. तिचा परत तोच मेसेज.

१९ एप्रिल

किराणा घेऊन कौमुदी आली. मी विचारलं, चित्रा कुठाय? तिने पिशव्या फाटकाबाहेर ठेवल्या. मग म्हणाली, "काका, तिने सांगू नका म्हणून शपथ घातलीय. पण तुम्ही विचारलंत." चित्रा त्याच वॉर्डात आहे. सोमवारपासून. पेशंट म्हणून. ऑक्सिजनवर. मेसेज कौमुदीच पाठवत होती, तिने सांगितलेले.

नीला खाली बसली. म्हणाली, "तुमच्यावरच गेलीय."

कोणाला भेटू देत नाहीत. तिला फोन हाती धरवत नाही.

चित्रा, आम्ही इथेच आहोत. तू सांगशील तोवर राहू. बोलू नकोस, दम लागेल. पण कौमुदीला सांगून नको, तुझ्या हाताने एक अक्षर पाठव. लवकर पाठव.